५० अधिक ५० म्हणजे १०० का होत नाहीत? दोन द्रवांच्या मिश्रणात काय मोजतात आणि कशासाठी

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यावरून २०२५ मध्ये बराच वाद झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झालेले हे मिश्रण, ज्याला आता सगळे ई-२० म्हणतात, दोन-अडीच वर्षांत देशभर पोहोचले आणि मायलेज, रबरी नळ्या, टाकीत शिरणारे पाणी असे प्रश्न घरोघरी निघू लागले. त्या चर्चेत बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघेही बहुतेक वेळा एक गोष्ट नकळत धरून चालत होते. ती अशी की दोन द्रव एकत्र केले की मिश्रणाचा प्रत्येक गुण त्या दोघांच्या प्रमाणाच्या हिशेबाने मधोमध कुठेतरी येणार. काही गुणांच्या बाबतीत हे पूर्ण खरे आहे, काहींच्या बाबतीत जवळपास खरे आहे आणि काहींच्या बाबतीत साफ चुकीचे आहे. कोणता गुण कुठे बसतो हे बसल्या जागी ठरवता येत नाही, ते मोजावे लागते. रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान यांच्या सीमेवरची एक मोठी शाखा गेली दीडशे वर्षे हेच काम करत आली आहे. ते काम नेमके काय असते, हे येथे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडतो.

आधी एक साधा प्रयोग

५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर शुद्ध इथेनॉल मोजपात्रात एकत्र ओतले, नीट ढवळले आणि मिश्रण पुन्हा पूर्वीच्या तापमानाला येऊ दिले, तर पातळी १०० च्या खुणेपर्यंत पोहोचत नाही. ती ९६ आणि ९७ च्या दरम्यान थांबते. काही सांडलेले नसते आणि काही उडूनही गेलेले नसते. तराजूवर ठेवले तर वजन दोघांच्या बेरजेइतकेच भरते. शिवाय ढवळताना पात्र हाताला कोमट लागते.

म्हणजे वजनाची बेरीज बरोबर येते, पण आकारमानाची येत नाही. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीमुळे ज्यांचे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते, त्या मेंडेलीव्ह यांचा १८६५ चा डॉक्टरेटचा प्रबंध याच विषयावर, मद्यार्क आणि पाणी यांच्या संयोगावर होता. निरनिराळ्या प्रमाणांतल्या मिश्रणांची घनता त्यांनी अतिशय काटेकोरपणे मोजली. एवढ्या मोठ्या माणसाने आपली उमेदीची वर्षे दोन बिनरंगी द्रव मिसळून वजन करण्यात घालवली, ही गोष्ट मला या विषयाच्या प्रतिष्ठेची खूण वाटते.

रेणूंची फुगडी

या घटीचे नेहमी सांगितले जाणारे कारण म्हणजे पोत्यातले हरभरे आणि मोहरी. हरभऱ्यांच्या पोत्यात मोहरी ओतली की ती मधल्या फटींत जाऊन बसते आणि पोते तेवढे फुगत नाही. उपमा चांगली आहे, पण अर्धीच. ती खरी मानली तर कोणतेही दोन द्रव मिसळल्यावर आकारमान घटलेच पाहिजे. प्रत्यक्षात बेंझीन आणि सायक्लोहेक्झेन हे दोन द्रव मिसळले तर आकारमान वाढते. १०० मिलिलिटर अपेक्षित असताना सुमारे १००.६५ मिलिलिटर भरतात. पोत्यात धान्य ओतले आणि पोते बेरजेपेक्षा जास्त फुगले, असे कधी होत नाही.

उरलेले अर्धे कारण रेणू एकमेकांना कसे धरतात, यात आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजनला जोडलेला एक हायड्रोजन असतो, आणि तो शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. मंगळागौरीला फुगडी घालणाऱ्या बायकांनी एकमेकींचे हात घट्ट धरलेले असतात, तसे शुद्ध इथेनॉलमधले रेणू एकमेकांना धरून असतात. पाण्याचे रेणूही असेच हात धरणारे आहेत, त्यामुळे इथेनॉल पाण्यात गेले की नवी पकड तयार होते, सगळे जवळ येतात, उष्णता बाहेर पडते आणि आकारमान घटते. पण हेच इथेनॉल हेप्टेनसारख्या, म्हणजे पेट्रोलच्या जातीच्या द्रवात घातले, तर हेप्टेनचे रेणू फुगडीच्या मधून वाट काढणाऱ्या अनोळखी गर्दीसारखे वागतात. ते स्वतः कोणाचा हात धरत नाहीत आणि जुन्या जोड्या मात्र सोडवतात. त्यामुळे आकारमान किंचित वाढते आणि भांडे थोडे गार पडते.

तिसरी तऱ्हा अॅसिटोन आणि क्लोरोफॉर्म यांची. क्लोरोफॉर्मकडे पुढे करायला हायड्रोजन आहे, पण तो धरणारा त्याच्या स्वतःच्या घरात कोणी नाही. अॅसिटोनकडे धरणारा ऑक्सिजन आहे, पण पुढे येणारा हात नाही. दोघे एकत्र आले की पहिल्यांदाच जोडी जमते. मिश्रण तापते, आणि ठराविक प्रमाणात त्याचा उत्कलनबिंदू दोघांच्याही वर जातो. अॅसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळते, क्लोरोफॉर्म ६१ अंशांच्या थोडे वर, आणि त्यांचे ते विशिष्ट मिश्रण ६४ अंशांच्याही वर.

द्विघटकी मिश्रण आणि सरासरीपासूनचे अंतर

दोनच शुद्ध द्रवांच्या मिश्रणाला द्विघटकी मिश्रण म्हणतात. पेट्रोलमध्ये शेकडो घटक असतात, मग दोन-दोन द्रवांचा अभ्यास करून काय मिळणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की गर्दी कितीही मोठी असली, तरी एका क्षणी एका रेणूचा संबंध त्याच्या शेजाऱ्यांशी येतो, आणि शेजार हा मुख्यतः जोडीजोडीने समजून घेता येतो. इथेनॉल, पाणी आणि पेट्रोलमधला एखादा हायड्रोकार्बन अशी तिघांची गाठ असेल, तर तीन जोड्या मोजाव्या लागतात. दहा घटक असतील तर ४५ जोड्या होतात. रासायनिक कारखान्यांचे आराखडे बांधणारी गणिते याच जोड्यांच्या आकड्यांवर उभी असतात.

मिश्रणातले प्रमाण येथे लिटरमध्ये किंवा किलोमध्ये न सांगता रेणूंच्या संख्येत सांगतात. एकूण रेणूंपैकी पहिल्या द्रवाचे रेणू कितवा हिस्सा आहेत, त्या आकड्याला मोल अपूर्णांक असे नाव आहे. पंगतीला पाने मांडताना आपण माणसे मोजतो, त्यांचे वजन विचारत नाही, तसेच हे. कोण कोणाच्या शेजारी बसला हे पाहायचे असेल तर डोकीच मोजावी लागतात.

आता मुख्य कल्पना. दोन्ही शुद्ध द्रवांच्या आकारमानांवरून मिश्रणाचे जे अपेक्षित आकारमान निघते, ते प्रत्यक्ष मोजलेल्या आकारमानातून वजा केले की उरते त्याला अतिरिक्त आकारमान म्हणतात. नावात अतिरिक्त असले तरी ते ऋणही असू शकते. पाणी आणि इथेनॉल यांचे ऋण आहे, बेंझीन आणि सायक्लोहेक्झेन यांचे धन. असेच अंतर विष्यंदिता (द्रवाचा दाटपणा), ध्वनीचा वेग, बाष्पदाब (द्रव किती सहज उडतो हे दाखवणारा त्याच्या वाफेचा दाब) अशा प्रत्येक गुणासाठी काढता येते. सरासरीचा भाग शुद्ध द्रवांच्या तक्त्यांवरून कोणालाही काढता येतो, त्यामुळे अभ्यासकाला हवे असते ते हे उरलेले अंतर. दोन निराळे रेणू एकमेकांशी कसे वागले, हे त्यातच लिहिलेले असते.

घनता : दहा मिलिलिटरची बाटली

आकारमान थेट पाहून मोजणे फार ढोबळ ठरते, म्हणून घनता मोजून त्यावरून आकारमान काढतात. जुनी पद्धत पिक्नोमीटरची आहे. ही एक लहान काचेची बाटली असते, तिच्या बुचातून केसासारखे बारीक छिद्र जाते, आणि ती दरवेळी अगदी तेवढीच भरते. आधी रिकामी, मग शुद्ध पाणी भरून आणि मग मिश्रण भरून तिचे वजन करतात.

किती काटेकोर राहावे लागते, याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. २५ अंशांना बेंझीनची घनता प्रति मिलिलिटर ०.८७३७ ग्रॅम आहे आणि सायक्लोहेक्झेनची ०.७७३९ ग्रॅम. रेणूंच्या संख्येने निम्मे-निम्मे मिश्रण केले, तर काहीही वेगळे न घडता घनता ०.८१८९ यायला हवी. प्रत्यक्षात ती ०.८१३६ च्या आसपास येते. दहा मिलिलिटरच्या बाटलीत हा फरक सुमारे ५३ मिलिग्रॅमचा झाला. आता तापमान एका अंशाने चुकले असे समजा. असे द्रव दर अंशाला साधारण एक हजारांश किंवा थोडे जास्त प्रसरण पावतात, म्हणजे त्याच बाटलीत सुमारे १० मिलिग्रॅमची चूक होते. जे मोजायचे त्याचा पाचवा हिस्सा एका अंशाने खाल्ला. बेंझीन आणि सायक्लोहेक्झेन ही जोडी तशी उदार आहे. कित्येक जोड्यांमध्ये अंतर याच्या दहाव्या हिश्श्याइतके असते, आणि तिथे एका अंशाची चूक सगळेच गिळून टाकते. म्हणून बाटली पाण्याच्या अशा कुंडात बुडवून ठेवतात की ज्याचे तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर असते. बाहेर काढल्यावर ती उघड्या बोटांनी धरत नाहीत, कारण बोटाची ऊब आत जाते आणि घामाचा लेप बाहेर बसतो, आणि दोन्ही गोष्टी तराजूला कळतात.

हीच गोष्ट पेट्रोल पंपावर रोज घडते. पंपचालकाला टँकरच्या चलनावरची घनता आणि स्वतः मोजलेली घनता जुळवावी लागते, आणि १५ अंशांच्या हिशेबाने त्यांत घनमीटरमागे ३ किलोपेक्षा जास्त फरक आला तर शंका घेतली जाते. पेट्रोल दहा अंशांनी तापले की त्याची घनता घनमीटरमागे आठ-नऊ किलोने उतरते. म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यातल्या दुपारी तापमानाची दुरुस्ती न करता हायड्रोमीटर (द्रवात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी) वाचला, तर चांगले पेट्रोलही भेसळीचे ठरेल. ग्राहकालाही ही तपासणी मागण्याचा हक्क आहे. मागताना थर्मामीटरसुद्धा मागावा.

आता बहुतेक प्रयोगशाळांत कंपनमापी घनतामापक आला आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे विकसित झालेले हे उपकरण १९६७ मध्ये बाजारात आले. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची काचेची नळी द्रवाने भरायची आणि तिला थरथरवायचे, एवढेच त्याचे तत्त्व. डबा जड झाला की तो झुलवायला वेळ लागतो, तसे द्रव जितका घन तितके नळीचे कंपन संथ. एखाद-दुसऱ्या मिलिलिटर द्रवावर काम होते आणि पाचव्या-सहाव्या दशांशापर्यंत उत्तर मिळते.

द्रवातून जाणारा आवाज

महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांत श्राव्यातीत इंटरफेरोमीटर नावाचे उपकरण असते, आणि द्विघटकी मिश्रणांवरचे पुष्कळसे संशोधन त्याच्या जोरावर चालते. त्यात एक छोटे दुहेरी भिंतीचे भांडे असते. भिंतींच्या मधून ठराविक तापमानाचे पाणी फिरते. तळाशी क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला २० लाख वेळा थरथरतो, आणि वर धातूची एक तबकडी सूक्ष्ममापी स्क्रूने खाली-वर करता येते. तबकडी सावकाश सरकवत नेली की मापकाचा काटा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. दोन चढांमधले अंतर म्हणजे ध्वनीच्या लाटेची निम्मी लांबी. बेंझीनमध्ये ते एका मिलिमीटरच्या एक तृतीयांशाइतके असते. त्यामुळे विद्यार्थी एकच चढ मोजत नाही. तो वीस चढ मोजतो आणि तबकडी एकूण ६.५ मिलिमीटर सरकलेली असते. त्यावरून ध्वनीचा वेग सेकंदाला १३०० मीटर निघतो. स्क्रूची एक बारीक रेघ, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, चुकीची वाचली तर वेग २ मीटरने बदलतो. श्वास रोखून काटा पाहणारी मुले मी पाहिली आहेत, आणि ते योग्यच आहे.

वेग कशासाठी? घनता आणि ध्वनीचा वेग ही जोडी हातात आली की द्रव किती दाबला जातो, म्हणजे त्याची संपीड्यता, लगेच काढता येते. मिश्रणातले रेणू एकमेकांना घट्ट धरून असतील तर ते कमी दाबले जातात आणि ध्वनी वेगाने जातो. १९४०-४१ च्या सुमारास एम. रामा राव यांनी दाखवून दिले की द्रवाच्या मोलर आकारमानाला (एक मोल, म्हणजे रेणूंची एक ठराविक मोठी संख्या, जेवढी जागा व्यापते तिला) ध्वनिवेगाच्या घनमुळाने गुणले, तर येणारा आकडा तापमान बदलले तरी जवळजवळ तोच राहतो. तो आजही जगभर राव स्थिरांक म्हणून ओळखला जातो.

विष्यंदिता आणि अपवर्तनांक

विष्यंदिता म्हणजे द्रवाचा वाहण्याला असलेला विरोध. काकवी आणि पाणी यांच्यातला जो फरक, तो हाच. ती मोजण्यासाठी काचेच्या बारीक नळीतून द्रव दोन खुणांमधले अंतर किती सेकंदांत उतरतो, ते घड्याळ लावून पाहतात. सरासरीची कल्पना किती फसवी असू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण येथे मिळते. २५ अंशांना पाण्याची विष्यंदिता ०.८९ मिलिपास्कल-सेकंद आहे आणि इथेनॉलची १.१ च्या जवळ, पण वजनाने जवळपास निम्मे-निम्मे मिश्रण घेतले तर ती २.४ च्या आसपास जाते. दोन पातळ द्रव मिसळून त्या दोघांच्या दुपटीहून दाट द्रव तयार होतो.

अपवर्तनांक, म्हणजे द्रवात शिरताना प्रकाश किती वाकतो याचे माप, आबे रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंबांत मिनिटभरात मिळते. म्हणून मिश्रणाचे प्रमाण ओळखायला तो सोयीचा. तरीही पाणी आणि इथेनॉल येथेही चकवतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, इथेनॉलचा १.३६१, आणि मधल्या काही मिश्रणांचा दोघांहून जास्त. त्यामुळे एकाच वाचनाची दोन निरनिराळी प्रमाणे निघू शकतात, आणि घनता सोबत मोजल्याशिवाय कोणते खरे हे कळत नाही.

गाडीच्या टाकीत आणि डिस्टिलरीत याचा काय संबंध?

मायलेजपासून सुरुवात करू. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. मिसळताना जी उष्णता शोषली जाते, ती ज्वलनाच्या उष्णतेच्या हजाराव्या भागाइतकीही नसते. त्यामुळे येथे साधी सरासरी चालते. २० टक्क्यांचा एक तृतीयांश, म्हणजे लिटरमागे सहा ते सात टक्के ऊर्जा कमी. प्रत्यक्ष मायलेज इंजिनाची रचना, जुळवणी आणि गाडी चालवण्याची पद्धत यांवरही अवलंबून असते, पण ऊर्जेचा हिशेब एवढाच आहे. इथेनॉल २० टक्के म्हणून मायलेजही २० टक्के घटणार, हे म्हणणे चूक आहे, आणि काहीच घटणार नाही हेही चूक आहे.

बाष्पदाबाची गोष्ट अगदी उलटी आहे. शुद्ध इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी उडते. सरासरीने पाहिले तर ते मिसळल्यावर पेट्रोलचे उडणे कमी व्हायला हवे. प्रत्यक्षात पाच-दहा टक्के इथेनॉल घातले की बाष्पदाब वाढतो, आणि २० टक्क्यांनाही तो मूळ पेट्रोलपेक्षा थोडा वरच असतो. फुगडीची जोडी सुटलेला इथेनॉलचा रेणू बाहेर पडायला मोकळा होतो, हे त्याचे कारण. म्हणून तेलशुद्धीकरण कारखान्यांना मिश्रणासाठीचे मूळ पेट्रोलच थोडे वेगळे ठेवावे लागते. हा निर्णय मोजलेल्या आकड्यांवाचून घेताच आला नसता.

पाण्याच्या प्रश्नात तिन्ही जोड्या एकदम येतात. पाणी आणि पेट्रोल एकमेकांत मिसळत नाहीत, इथेनॉल मात्र दोघांशी जमवून घेते. थोडे पाणी आले तर इथेनॉल ते सामावून घेते आणि टाकीत काहीच दिसत नाही. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्याची बाजू घेते आणि दोघे मिळून तळाशी वेगळा थर करतात. दहा टक्क्यांच्या मिश्रणात १५ अंशांना ही मर्यादा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. इथेनॉल जास्त असेल तर ती वाढते, आणि थंडी पडली की कमी होते.

साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत हाच अभ्यास वेगळ्या रूपात दिसतो. मळी आंबवून ऊर्ध्वपातन करत गेले की इथेनॉल वजनाने ९५.६ टक्क्यांवर येऊन अडते. त्या टप्प्यावर मिश्रण ७८.२ अंशांना उकळते आणि वाफेतही तेच प्रमाण असते, त्यामुळे स्तंभ कितीही उंच बांधला तरी पुढे जाता येत नाही. रेक्टिफाइड स्पिरिट म्हणून विकले जाते ते याच टप्प्याच्या जवळचे. इंधनासाठी ९९ टक्क्यांहून शुद्ध इथेनॉल लागते, म्हणून उरलेले पाणी मॉलिक्युलर सिव्हने काढतात. तिच्या छिद्रांत पाण्याचा लहान रेणू शिरतो आणि इथेनॉलचा मोठा रेणू शिरत नाही.

‘संगणक हे आकडे काढून देत नाही का?’

काही प्रमाणात देतो. १९७५ मध्ये मांडलेल्या युनिफॅक या पद्धतीत रेणूचे तुकडे कल्पून त्या तुकड्यांच्या वागण्यावरून मिश्रणाचा अंदाज बांधतात, आणि कारखान्यांत तो रोज वापरला जातो. पण त्या तुकड्यांचे आकडे आले कुठून? मोजलेल्या द्विघटकी मिश्रणांच्या तक्त्यांतूनच. जिथे मोजमाप भरपूर आहे तिथे संगणक चांगले उत्तर देतो. हायड्रोजन बंधांची जोडी असलेल्या नव्या द्रावकांच्या बाबतीत तो पुष्कळदा चुकतो, आणि ती चूक पकडायलाही मोजमापच लागते.

‘चौथ्या दशांशाने कोणाचे काय बिघडते?’

या आक्षेपात तथ्य आहे, पण ज्या दिशेने तो घेतला जातो त्या दिशेने नाही. तक्त्यात पाच दशांश छापले म्हणून पाच दशांश मोजले गेले, असे होत नाही. द्रव किती शुद्ध होता, तापमान किती स्थिर होते आणि अनिश्चितता किती धरली, हे सोबत लिहिलेले नसेल तर चौथा दशांश निव्वळ शोभेचा असतो. अशा तक्त्यांवरून, सरासरीपासूनच्या अंतराचे बिंदू एका वक्रात बसवणाऱ्या रेडलिख आणि किस्टर यांच्या १९४८ च्या समीकरणाने सुरेख वक्र काढता येतो, कारण ते समीकरण चुकीच्या बिंदूंवरूनही तितकीच सुरेख रेघ ओढते. तरुण संशोधकांनी सगळ्यात जास्त जपावे ते येथे, असे मला मनापासून वाटते.

यावर एक जुना आणि खात्रीचा उपाय आहे. नवे मिश्रण हाती घेण्याआधी आपल्या उपकरणावर बेंझीन आणि सायक्लोहेक्झेन मोजून पाहायचे. बेंझीन कर्करोगकारक आहे, म्हणून हे काम धूरशोषक कपाटातच करावे, आणि जिथे ती सोय नाही तिथे टोल्युइनसारखा कमी घातक द्रव असलेली, आधी नीट मोजली गेलेली दुसरी जोडी घ्यावी. निम्म्या-निम्म्या प्रमाणात २५ अंशांना अतिरिक्त आकारमान मोलमागे ०.६५ घन सेंटीमीटरच्या जवळ आले, तर पुढे जावे. नाही आले, तर नव्या द्रवाची बाटली बंद ठेवून आधी पाण्याच्या कुंडाचा थर्मामीटर तपासावा.